ओरडून सांगितलेला आकडा

एस्बियरच्या पालिकेतून पोरगेलासा एकजण आला,
म्हणाला, थोरुपबाई, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही.
खरंच आहे. घाईचं अक्षर ते.
एका सकाळीत चाळीस मुलं,
आणि बंदरावरचा वारा कार्डं उडवायला टपलेला.

आता मंगळवारी आणि गुरुवारी मी तळघरात बसते,
चष्म्यावर भिंग धरून माझंच लिहिलेलं वाचते,
तो टाइप करतो.
नावांवर पांढरी पट्टी चिकटवलीय. नियम आहे तसा.
वय. उंची. वजन. पुढच्या वर्षीचं वजन.
त्यांना बघायचंय म्हणे,
सातव्या वर्षी काट्यावर जड भरलेल्या मुलींचा
तिशीत, पोटुशी असताना, रक्तदाब चढतो का.

"चढत असेल," मी म्हणते.
"असेल नाही, बाई. मोजायचं."
मोजायचं! मला शिकवतोय.

तेवीस. चोवीस.
एकवीस (हिच्या डोक्यात उवा होत्या).
सव्वीस.
एकतीस.

इथे माझं बोट थांबतं.
पट्टीखालचं नाव मला पट्टी न काढता दिसतं.
सिसेल. गुडघ्याशी उसवलेले लोकरी मोजे.
काट्यावर चढण्याआधी तिने खिशातला खडू काढून ठेवला,
मग केसातली पिन,
मग श्वास आत ओढला आणि धरून ठेवला,
जणू हवेचंही वजन नोंदीत येणार होतं.

मी पितळी वजन सरकवलं.
खिडकीपाशी वर्गाचे मास्तर त्यांच्या वहीत उतरवून घेत होते,
कानाने जरा कमी,
म्हणून मी ओरडले: एकतीस!

रांगेतून कुणीतरी तो आकडा उचलला,
दुसऱ्याने झेलला,
मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव एकतीस झालं.
पुढे वजन बदलत गेलं. नाव नाही.

कार्डावर लिहिलंय: पाव कमी द्यावा. आईशी बोलले.
आईशी मी बोललेच नव्हते.
आई मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.

कितीतरी वर्षांनी ती बेकरीत भेटली.
बाबागाडीत दोन टोप्यांखाली मूठभर चेहरा.
तिनेच मला ओळखलं,
मग सांगत राहिली, मी न विचारता:
चौतिसावा आठवडा, पाय असे सुजले की बूट चढेनात,
डोळ्यांपुढे काजवे,
दंडावरचा पट्टा फुगतोय, फुगतोय,
आणि सुईण म्हणतेय, श्वास सोड, सिसेल, धरून ठेवू नकोस.
एकशे सत्तर, खाली एकशे दहा.
त्याच रात्री पोट उघडून मुलगी काढली.

"वजनामुळे झालं असं कुणीच म्हणालं नाही," ती म्हणाली,
"मीच म्हणत होते. रात्रभर."

माझ्या बहिणीलाही झालं होतं, आणि ती तर काडी.
हे सांगायला हवं होतं.
मी पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

"एक किलो नऊशे चाळीस!"
एकदम मोठ्याने म्हणाली ती, बेकरीभर ऐकू जाईल असं.
"रोज सकाळी काटा यायचा.
वीस ग्रॅम वाढले तरी नर्स ओरडून सांगायची
आणि पलीकडच्या खाटांवरच्या बाया टाळ्या वाजवायच्या."
मग गाडीचा ब्रेक काढला आणि गेली.
माझ्याकडे बघून हसली का? आठवत नाही.
हसली असावी असं मी ठरवून टाकलंय.

"बाई?" मुलगा विचारतो.
"हा पहिला आकडा. तीन आहे की दोन?"

शाई खरंच पसरलीय.
दोन म्हटलं तर खपून जाईल.
पट्टीखाली ती अजून श्वास धरून उभी आहे.

"तीन," मी म्हणते.
इतकं हळू,
की त्याला पुन्हा विचारावं लागतं.